त्याला रडू देऊ नका

डिसेंबर २०१८. माझा धाकटा मुलगा चार महिन्यांचा होता. सर्दी झाली म्हणून येळ्ळूरहून बेळगावात दाखवायला नेलं, तर डॉक्टर छातीवरचा स्टेथोस्कोप उचलेचनात. दुसऱ्या दिवशी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. निदान आलं, टेट्रालॉजी ऑफ फॅलो. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं की हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आहे, महाधमनी त्या भोकावर सरकली आहे आणि जोर लावून लावून उजव्या कप्प्याची भिंत जाड झाली आहे. अशुद्ध रक्त शुद्धात मिसळतं म्हणून ओठ निळसर दिसतात. रडला की ती अरुंद वाट आणखी आवळते आणि पोर एकदम निळं पडतं. तसं झालं तर त्याचे गुडघे पोटाशी, छातीशी दाबून धरायचे.

आणि शेवटी म्हणाले, "त्याला रडू देऊ नका."

ऑपरेशन करून आता वर्ष उलटून गेलंय. मी हे लिहितेय ते ऑपरेशनबद्दल कमी आणि त्या चार शब्दांबद्दल जास्त. ऑपरेशनची माहिती चार ठिकाणी मिळते. नंतर घरात जे होतं त्याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं.

सल्ला योग्यच होता. त्यानं निळं पडणं मी सहा-सात वेळा पाहिलंय. एकदा तर मालक, म्हणजे त्याचे वडील, कारखान्यातून येईपर्यंत मी त्याला गुडघे दाबून मांडीत धरून बसले होते आणि चुलीवरचा भात करपून धूर झाला तरी उठले नाही. पण हा सल्ला घरात पाच वर्षं राहिला की घर कसं होतं बघा. त्यानं मागितलेलं मिळायचंच. मोबाईल, बिस्किट, ताईची वही फाडायची असेल तर तीही. सासूबाई सगळ्यांवर ओरडायच्या, "पोराला रडवू नको गे, ओठ बघ कसे झालेत!" आमच्या घरातलं हसणं-बोलणं, भांडण, टीव्हीचा आवाज, सगळं त्याच्या ओठांच्या रंगावर चालायचं.

ऑपरेशन २०२० च्या उन्हाळ्यात करायचं ठरलं होतं. मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. मग मालकांचं काम सुटलं, मग आमचाच धीर सुटला. सासूबाईंनी सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलला. गोळ्यांवर दिवस काढले.

जून २०२३ मध्ये अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी आली. हे पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येऊन मुलांना तपासतं, जन्मतः असलेल्या दोषांसाठी पुढची चिठ्ठी देतं. त्यातल्या डॉक्टर बाई मलाच रागावल्या. पाच वर्षांचा होत आला, अजून का थांबलात? खरं सांगते, कुणीतरी रागावायला हवंच होतं. त्यांच्या चिठ्ठीवर आम्ही जिल्हा रुग्णालयात गेलो आणि तिथून बंगळूरच्या एका रुग्णालयाचं रेफरल मिळालं. आमचं बीपीएल रेशनकार्ड असल्यानं ऑपरेशनचा खर्च योजनेत बसला. 'आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक' मध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं. ते आधी घ्या, मागून पळापळ होते.

आमचे १९ दिवस मात्र एका अक्षरात गेले. आडनाव आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं. मराठी आडनाव कन्नडात लिहिलं, तिथून इंग्रजीत उतरलं आणि 'ळ' चा 'ल' होऊन बसला. सीमाभागात हे घरोघरी आहे. ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांनी आजच सगळी कार्डं एका रांगेत ठेवून स्पेलिंग जुळवून बघा. मी गमतीत म्हणते की आमच्या पोराच्या हृदयाआधी आडनावाची दुरुस्ती झाली.

रात्रीच्या गाडीनं बंगळूरला निघालो. त्याला काय सांगितलं? "बंगळूरला वाघ-सिंह बघायला चाललोय." हे खोटं आम्हाला किती महाग पडलं ते पुढे येईल.

२१ नोव्हेंबर २०२३ ला ऑपरेशन झालं. सकाळी साडेसातला त्याला आत नेलं, दुपारी तीनला डॉक्टर बाहेर आले. भोक बंद केलं, वाट रुंद केली. आधी ७८ टक्क्यांच्या आसपास रेंगाळणारं रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण नंतर ९७ टक्के झालं. आयसीयूत आम्हाला दिवसातून एकदा, दहा मिनिटं सोडायचे. ऑपरेशनआधी त्याला कुणी काही समजावून सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. तिथल्या सिस्टर मायेच्या होत्या. तो रडला की "अळबेडा, अळबेडा" म्हणत डोक्यावरून हात फिरवायच्या. रडू नको, रडू नको.

वॉर्डात आल्यावर तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र दिलं, श्वास ओढून गोळ्या वर न्यायच्या. आधी यंत्राला हातच लावेना. शेवटी शेजारच्या कॉटवरच्या विजापूरच्या मुलीशी पैज लागली, तेव्हा लागला. १७ दिवसांत आमचे स्वतःचे ३१ हजारांच्या आसपास गेले. राहणं, खाणं, गाडी, रिक्षा, औषधं आणि फोनचे रिचार्ज. घरी येताना सांगितलं होतं की छातीचं हाड जुळेपर्यंत, सहा आठवडे, काखेत हात घालून उचलायचं नाही, पाठीखाली आणि मांडीखाली हात घालून उचलायचं. पहिल्या सहा महिन्यांत दाताचं काही करायची वेळ आली तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं. "आता त्याला रडू दिलं तरी चालेल" असं मात्र कुणी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

जानेवारी २०२४. इको चांगला, ओठ गुलाबी, वजन वाढतंय. आणि पोर रात्री अंथरुण ओलं करायला लागलं, जे त्यानं तिसऱ्या वर्षीच सोडलं होतं. रात्री दोनला किंचाळून उठायचा. शर्ट काढू द्यायचा नाही, त्यामुळे आंघोळ म्हणजे युद्ध. पांढरा शर्ट घातलेला माणूस दारात आला, मग तो लाईटबिलवाला का असेना, की हा कॉटखाली. मागितलेलं मिळालं नाही तर डोकं आपटायचा. आम्ही देत होतो. अजूनही देत होतो.

शहरात एका खाजगी समुपदेशकांकडे गेलो. ७०० रुपये घेतले, वीस मिनिटं बोलले, वयानुसार जाईल म्हणाले. परत गेलो नाही.

१२ मार्चच्या रात्री मी १४४१६ ला फोन केला. हा टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाईनचा नंबर, केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेला, फुकट आणि चोवीस तास. अंगणवाडीच्या भिंतीवर चिकटवलेला होता म्हणून माहीत. मुलासाठी म्हणून फोन केला आणि पहिली दहा मिनिटं मीच रडले, तेही मोडक्या कन्नडात. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. मुलाला प्रत्यक्ष दाखवा म्हणाल्या. धारवाडच्या डिमहान्सचं, म्हणजे तिथल्या सरकारी मानसोपचार संस्थेचं नाव निघालं. माझी नणंद धारवाडला असते, त्यामुळे तेच ठरवलं.

घरात सांगितलं तर सासूबाई गप्प झाल्या. जुन्या लोकांना धारवाड म्हटलं की एकच दवाखाना आठवतो. "पोराला येड्याच्या दवाखान्यात न्यायलीस?" मी म्हटलं, हृदयाला डॉक्टर चालतो तर भीतीला का चालू नये? हे उत्तर मला तेव्हा सुचलं नव्हतं, तीन दिवसांनी सुचलं. तेव्हा मी नुसती पिशवी भरत राहिले.

२ एप्रिल २०२४ ला निघालो. बेळगाव स्टँडवर बसच्या पायरीपाशी त्यानं दांडा धरला आणि ओरडायला सुरुवात केली, "बंगळूरला नाही! वाघ बघायला नाही!" तेव्हा कळलं आमच्या त्या खोट्याचं काय झालं होतं ते. वाघ बघायला जाणं म्हणजे झोपवून छाती कापणं. दोन बस सोडल्या. शेवटी कंडक्टरनं स्वतः खाली उतरून पाटी वाचून दाखवली, धारवाड, बंगळूर नाही, बघ. मग चढला. कित्तूर येईपर्यंत माझ्या हाताला नखं रुतवून बसला होता. 'शक्ती' योजनेमुळे कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसचं तिकीट शून्य रुपये, फक्त इथल्या पत्त्याचं आधार दाखवायचं. ही योजना नसती तर नऊ फेऱ्या मी केल्या असत्या की नाही, सांगता येत नाही.

ओपीडीला सकाळी लवकर जा. पहिल्या दिवशी केसपेपर, मग मानसोपचाराचे डॉक्टर, मग मानसशास्त्रज्ञ बाई, असं करत दुपारचे अडीच वाजले. डबा आणि पाणी न्या. हृदयाच्या सगळ्या कागदांच्या झेरॉक्स न्या, मूळ कागद स्वतःकडे ठेवा.

बाईंनी त्याला आधी एक लाकडी पाटी दिली. दहा आकारांची दहा भोकं, ज्याचं त्यात बसवायचं, तीनदा, घड्याळ लावून. ते त्यानं झटपट केलं. मग मला प्रश्न. स्वतः जेवतो का? शर्टाची बटणं लावतो का? चप्पल बरोबर पायात घालतो का? दुकानातून वस्तू आणतो का? मी "नाही" म्हणत गेले आणि दहाव्या "नाही" ला माझाच आवाज मला ऐकू यायला लागला. बाई म्हणाल्या, डोकं वयाप्रमाणे चाललंय. जे मागे पडलंय ते हृदयामुळे नाही. पुढचं वाक्य त्या बोलल्या नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

त्यांनीच सांगितलं की जन्मजात हृदयदोषाच्या मुलांमध्ये चिंता, लक्ष न लागणं, शाळेत मागे पडणं हे इतर मुलांपेक्षा जास्त दिसतं. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ मध्ये अशा मुलांच्या विकासाची तपासणी नियमित करावी असं म्हटलं, आणि २०२२ मध्ये त्यांच्या मानसिक आरोग्यावर वेगळं निवेदन काढलं. म्हणजे हे आमच्याच घरचं खूळ नव्हतं. हे ऐकून मला किती हलकं वाटलं! त्या दिवशी परतताना मी कित्तूरपर्यंत झोपले.

पण बाईंनी उपचार सुरू करण्याआधी एक कागद मागितला. हृदयाच्या डॉक्टरांकडून लेखी, याला काय चालतं आणि काय चालत नाही. पळणं, जिना चढणं, रडणं. हो, रडणंही लिहून आणा म्हणाल्या. बंगळूरला फोन करून, मेल करून, तो कागद यायला १३ दिवस लागले. त्यात लिहिलं होतं की सगळे साधे खेळ चालतील, दमला की त्याला स्वतःहून थांबू द्या, रडल्यानं आता धोका नाही. माझ्या मते ऑपरेशनच्या डिस्चार्ज कार्डाइतकाच हा कागद महत्त्वाचा आहे. सुट्टी मिळतानाच मागून घ्या.

कागद हातात आला आणि गृहपाठ मिळाला. त्यानं हट्ट केला तर द्यायचं नाही. शेजारी बसायचं, हात धरायचा, पण द्यायचं नाही. रडू द्यायचं.

२८ एप्रिल, रविवार, संध्याकाळ. मोबाईलवरून सुरू झालं. सासूबाईंना शेजारी पाठवलं होतं. मालक दारात उभे. तो रडायला लागला आणि माझे दोन्ही हात आपोआप त्याच्या गुडघ्यांकडे गेले. दाबायला. मी ते मागे घेतले आणि मांडीखाली धरून बसले. घड्याळाकडे बघत होते. चार मिनिटं. सहा. तो लालबुंद झाला. लाल! पाच वर्षांत त्याला रडून लाल झालेलं मी पाहिलंच नव्हतं. अकराव्या मिनिटाला थांबला, नाक पुसलं आणि पळत कपाटाच्या आरशासमोर गेला. ओठ बाहेर काढून बघितले.

"आई, निळा नाही झालो?"

"नाही बाळा."

"रडलो तरी मरत नाय व्हय मी?"

आम्हाला वाटायचं त्याला काही कळत नाही. मालक बाहेर जाऊन सायकल पुसत बसले, अंधारात.

मे महिन्यातल्या भेटीत बाईंनी कापडी बाहुली, खेळण्यातला स्टेथोस्कोप, बिनसुईची सिरिंज आणि बँडेजची पट्टी मांडली. काही सांगितलं नाही, नुसतं समोर ठेवलं. त्यानं बाहुलीला आधी झोपवलं. मग पट्टीनं तिचा एक हात खुर्चीच्या पायाला बांधला. मग दुसरा. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "अळबेडा."

घशातली नळी मुलानं ओढू नये म्हणून आयसीयूत हात मऊ पट्टीनं बांधतात, हे मला माहीत होतं. ते त्याला आठवतंय, हे माहीत नव्हतं. बाईंनी कन्नडात विचारलं, मी मराठीत सांगत होते. बाहुलीला का बांधलं? त्यानं सांगितलं, "शिक्षा." मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण गरजच नव्हती. कन्नडात शिक्षेला शिक्षेच म्हणतात.

कसली शिक्षा? त्यानं आदल्या दिवशी सिस्टरला लाथ मारली होती म्हणून.

बाई म्हणाल्या, पाच-सहा वर्षांची मुलं आजाराचं कारण स्वतःत शोधतात. आपण वाईट वागलो म्हणून हे झालं असं त्यांना खरंच वाटतं. त्यावर उपाय म्हणजे साधं, खरं बोलणं, आणि तेही मुलाच्या भाषेत. म्हणून तो भाग त्यांनी माझ्यावर सोपवला. रोज झोपताना मी त्याला बंगळूरची गोष्ट सांगायची, पण खरी. नळी कशासाठी होती, हात का बांधले, मी बाहेर कुठे बसले होते, मी काय खाल्लं. हे शेवटचं त्याला फार महत्त्वाचं निघालं. "तू कुठे होतीस?" मी आत का आले नाही याचं उत्तर त्याला सहा महिने मिळालं नव्हतं. जिन्याखालच्या बाकड्यावर होते, इडली खाल्ली, चटणी तिखट होती. ही गोष्ट त्यानं माझ्याकडून चाळीस वेळा तरी ऐकली असेल. चटणी विसरले तर आठवण करून द्यायचा.

भीती आली की श्वास कसा सोडायचा तेही शिकवलं. साबणाचे फुगे सावकाश फुंकायचे. घरी आम्ही जत्रेतलं भिरभिरं वापरलं. जून अखेरीस रात्रीचं ओरडणं आठवड्यातून एकदा-दोनदावर आलं. अंथरुण ओलं करणं त्याहून हळू गेलं, दिवाळीपर्यंत.

शाळेचं थोडक्यात सांगते. जूनमध्ये पहिलीत घातला. बाई चांगल्या, पण खेळाच्या तासाला याला दप्तरं राखायला बसवायच्या. काही झालं तर जबाबदारी कुणाची, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. डॉक्टरांच्या कागदाची प्रत आणि माझ्या सहीचा मराठी अर्ज दिला, तेव्हा मैदानावर सोडलं. पहिल्या दिवशी पडून गुडघा फोडून आला. मी शेजारणीला तो गुडघा दाखवला, कौतुकानं.

ऑगस्टमध्ये सहा पूर्ण झाली आणि बसमध्ये त्याचं अर्धं तिकीट लागायला लागलं. माझं शून्याचं आणि त्याचं पैशाचं, याचा त्याला भयंकर अभिमान. तिकिटं डब्यात साठवून ठेवलीत.

आता थोरलीबद्दल. धारवाडच्या चौथ्या भेटीत बाईंनी विचारलं, "मोठी मुलगी कशी आहे?" मी पटकन म्हटलं, ती शहाणी आहे, तिचा काही त्रास नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. पुढच्या वेळी तिला घेऊन या.

ती अकरा वर्षांची. नेलं, तर तासभर आत बोलत होती, मी बाहेर. नंतर बाईंनी तिच्या परवानगीनं जे सांगितलं ते असं. धाकटा दोन वर्षांचा असताना तिनं त्याच्या हातातून तिचा भोवरा हिसकावला होता. तो रडला, निळा पडला. आजीनं तिला चापट मारली, "मारतीस काय भावाला?" त्या दिवसापासून ती त्याच्याशेजारी झोपताना एक हात त्याच्या छातीवर ठेवून झोपते. श्वास चालू आहे ना बघायला. चार वर्षं. आम्ही त्याचे फोटो काढलेत, बहीण-भावाचं प्रेम म्हणून स्टेटसला ठेवलेत.

घरी आल्यावर मी सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारातून लाकडी भोवरा आणला, दोरीसकट, आणि नातीच्या दप्तरावर ठेवून दिला. माफी वगैरे आमच्या घरात कुणी मागत नाही.

थोरलीच्या तीन वेगळ्या भेटी झाल्या. माझ्याही दोन. मालक एकदाच आले, सोमवारची रजा टाकून. आत काय बोलले ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. येताना धारवाडचे पेढे घेतले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बाईंनी आता गरज लागेल तेव्हाच या म्हणून सांगितलं. इको वर्षातून एकदा करायचाच आहे, मोठेपणी झडपेचं काम पुन्हा निघू शकतं असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तेही आम्ही त्याला सांगितलंय, वाघाशिवाय. शर्ट अजून बाहेरच्यांसमोर काढत नाही. नदीवर गेलो तरी बनियन घालून पाण्यात उतरतो. राहू दे.

गेल्या महिन्यात थोरली म्हणाली, तिला मधल्या खोलीत आजीजवळ झोपायचंय, परीक्षा आहे, हा लाथा मारतो. अंथरुण हलवलं. त्या रात्री दोनला मला जाग आली तर मीच त्याच्याजवळ बसले होते, हात त्याच्या छातीवर, त्या व्रणावर. त्यानं झोपेतच माझा हात झटकला आणि कूस बदलली.